३ डिसेंबर, साडेपाचपर्यंत

त्या मंगळवारी सकाळी ऑफिसात शिरले तेव्हा माझ्या टेबलापुढे सात-आठ जण उभेच होते. २०१९ सालचा ३ डिसेंबर, बीएसएनएलच्या व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस. साडेपाचला मुदत संपणार होती. मी बडोद्याला हिशेब विभागात. महिनाभर माझं नेहमीचं काम बाजूला पडलं होतं, कारण येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, "माझे किती होतात, तेवढं बघ ना."

२३ ऑक्टोबरला केंद्रीय मंत्रिमंडळानं कंपनी सावरण्याची योजना मंजूर केली. फोर-जीचं स्पेक्ट्रम, एमटीएनएलचं विलीनीकरण आणि पन्नाशी ओलांडलेल्यांना स्वेच्छानिवृत्ती. उत्पन्नातले जवळजवळ तीन चतुर्थांश पैसे पगारावर जात होते, त्यामुळे माणसं कमी करणं अटळच होतं, हे आम्हा हिशेबवाल्यांना तरी दिसत होतं. भरपाईच्या सूत्राचं नाव 'गुजरात मॉडेल', पण आमच्याकडे सगळे 'पस्तीस-पंचवीस'च म्हणायचे. झालेल्या नोकरीच्या दर वर्षामागे ३५ दिवसांचा पगार आणि उरलेल्या दर वर्षामागे २५ दिवसांचा. मी ४३ वर्षांची, म्हणजे मला विचारणारच नव्हतं कुणी. म्हणूनही असेल, लोक माझ्यापाशी मोकळं बोलायचे.

दुपारी साडेचारच्या सुमाराला ताई आल्या. बिलं भरायच्या काउंटरवर बसायच्या. बाकीचे त्यांना 'बेन' म्हणत, मी ताई. १९८९ साली टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागल्या, तेव्हा ट्रंक कॉल होते. पुण्याचा, सांगलीचा कॉल जोडून देताना पलीकडची माणसं रडताना ऐकलेली बाई ती. बोलताना आवाज कधी चढायचा नाही.

त्यांनी नोव्हेंबरातच स्वेच्छानिवृत्तीचा विकल्प भरून टाकला होता. त्याचं कारणही मला माहीत होतं. दांडिया बाजारातल्या घरी सासूबाईंना विस्मरण झालेलं. दोनदा त्या घरातून निघून गेल्या, दोन्ही वेळा सूरसागरच्या काठावर सापडल्या. तेव्हापासून ताई बाहेरून जाळीला कुलूप लावून कामाला यायच्या, किल्ली शेजारी ठेवून. "माणसाला कोंडून येते गं मी," असं एकदा डबा खाताना म्हणाल्या होत्या आणि पोळीचा घास तसाच हातात राहिला होता.

आता मात्र खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "मला मागे घ्यायचाय तो. घेता येतो ना?"

येत होता, मुदत संपेपर्यंत. मी त्यांचं पान उघडलं. काय झालं विचारलं, तर म्हणाल्या, "सगळे म्हणतायत, उद्या कंपनीच राहिली नाही तर पेन्शन कोण देणार? आमच्या ह्यांच्या फॅक्टरीत पेन्शन नाही. माझ्यावरच आहे सगळं."

त्या महिन्यात किती अफवा ऐकल्या त्याला गणती नाही. निवृत्तीचं वय ५८ करणार, लांब बदली करणार, असं काय काय. पण या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे पक्कं होतं. त्या दूरसंचार खात्यात लागलेल्या, १ ऑक्टोबर २००० ला कंपनीनं कारभार हाती घेतला तेव्हा तिकडून आलेल्या. अशांची पेन्शन तेव्हाच्या पेन्शन नियमांतल्या ३७-अ कलमाखाली केंद्र सरकार द्यायचं. मी ते कलम काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं.

"आणि आकडा परत दाखव."

३० वर्षं गुणिले ३५, १०५०. जानेवारी १९६९ चा जन्म, म्हणून नेमकी ९ वर्षं बाकी, गुणिले २५, २२५. एकूण १२७५ दिवस. साडेबेचाळीस महिन्यांचं बेसिक आणि डीए, म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता. मिळणार दोन हप्त्यांत, त्यातले पाच लाखांपर्यंत करमुक्त. पेन्शन विकून एकरकमी पैसे मात्र साठी झाल्यावरच. यातलं काहीही लपवायचं नाही, असं मी पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं.

त्या बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू काय करशील माझ्या जागी?"

मला त्या जायला नको होत्या. अगदी मनापासून नको होत्या. आमच्या खोलीतले जवळपास सगळेच निघाले होते आणि नवीन येऊन मी पहिली चूक केली तेव्हा साहेबांसमोर माझी बाजू घेणारी हीच बाई. 'थांबा' एवढं म्हटलं असतं तरी त्या थांबल्या असत्या, असं मला आजही वाटतं. पण जाळीचं ते कुलूप मला दिसत होतं. मी म्हटलं, "ताई, पेन्शनची काळजी असेल तर ती करू नका. बाकीचं मी नाही सांगू शकत."

पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. त्यांनी शेजाऱ्यांकडे फोन लावला, "आईंनी चहा घेतला का?" एवढंच विचारलं आणि ठेवला. "राहू दे. आहे तसंच असू दे."

देशभरातून सुमारे ७८ हजार जणांनी विकल्प दिला. ३१ जानेवारी २०२०, शुक्रवार, सगळे एकाच दिवशी निवृत्त झाले. हारतुरे, पेढे, फोटो, सगळं दुपारी उरकलं. संध्याकाळी ताईंनी काउंटरचा खण रिकामा केला. रबरी शिक्के कापडानं पुसले, शाईच्या पॅडवर झाकण बसवलं, सुटे पैसे डबीत मोजून ठेवले आणि खणाची किल्ली माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ मिटवली. बोलल्या काहीच नाहीत.

सोमवारी त्या काउंटरवर मीच बसले. रांगेत पहिले एक आजोबा होते, लँडलाइनचं बिल घेऊन आलेले. काचेतून वाकून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागच्या रिकाम्या खुर्च्यांकडे.

"बेन आजे नथी आव्या?"

मी बिल घेतलं, शिक्का मारला. घाईत तो उलटा उमटला.