दोरी, तार आणि कंपनीची काच : आमची वाटचाल

कराडच्या कोल्हापूर नाक्याजवळ अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९९१ साली गाड्यांच्या काचा बसवण्याचे दुकान सुरू केले, तेव्हा त्यांच्याजवळ एक ताडपत्री, साबणाच्या पाण्याची बादली आणि सुताची जाड दोरी एवढेच साहित्य होते. जीप, ॲम्बेसेडर, पद्मिनी, ओम्नी या गाड्यांची पुढची काच त्या काळी रबरी बीडिंगमध्ये बसत असे. बीडिंग आधी काचेवर चढवायचे, त्याच्या खाचेतून दोरी फिरवून तिची दोन्ही टोके गाडीच्या आत सोडायची, मग एकाने बाहेरून काच तळहाताने थापटत राहायचे आणि दुसऱ्याने आतून दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघत जाई तशी रबराची कड पत्र्यावर चढत जाई. हे काम अण्णा पुण्याच्या नाना पेठेत एका जुन्या उस्तादांच्या हाताखाली शिकले होते. त्यांच्या हाताला दोरीचा ताण अचूक कळत असे आणि अर्ध्या तासात गाडी रस्त्याला लागत असे. जीपची काच सपाट असल्यामुळे ती तर ते दुकानातच मापाने कापून देत.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नव्या गाड्यांची संख्या वाढली आणि आमच्या धंद्याचा पायाच बदलला. या गाड्यांच्या पुढच्या काचेला बीडिंग नव्हते. ती पॉलियुरेथेनच्या चिकट पट्टीने थेट सांगाड्याला जोडलेली होती. दोरीची जागा तारेने घेतली. जुनी काच काढायची तर पियानोची पोलादी तार पट्टीतून आरपार ओवायची आणि दोघांनी दोन बाजूंनी करवतीसारखी ओढत पट्टी कापत न्यायची. अण्णांनी तार लवकर आत्मसात केली, परंतु काच बसवताना मात्र बरीच वर्षे आम्ही बाजारात सहज मिळणारे सिलिकॉन वापरत होतो आणि काचही पुरवठादार जी स्वस्त देईल ती घेत होतो. त्या वेळी जिल्ह्याच्या ठिकाणी बहुतेक दुकानांत असेच चालत असे; तरीही ते चूकच होते, हे मी आज स्पष्टपणे लिहिते.

बी. कॉम. झाल्यावर २००६ साली मी दुकानात बसू लागले. दोन वर्षांनी, ऐन जुलैत, पाटण भागातले एक शिक्षक आमच्याकडे परत आले. महिन्याभरापूर्वी आम्ही त्यांच्या गाडीची काच बदलली होती. त्यांना चिपळूणला जाण्यासाठी कुंभार्ली घाट वरचेवर उतरावा लागत असे. पावसात डाव्या कोपऱ्यातून पाणी झिरपून पायाशी येत होते, ही त्यांची पहिली तक्रार होती. दुसरी तक्रार अधिक गंभीर होती. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा प्रत्येक दिवा त्यांना दोनदा दिसत होता, एकावर एक किंचित सरकलेला, आणि घाटाच्या वळणावर समोरचे वाहन नेमके किती अंतरावर आहे याचा त्यांना अंदाज येत नव्हता. मी त्याच संध्याकाळी त्यांच्या गाडीत बसून महामार्गावर गेले आणि जे त्यांनी सांगितले ते स्वतः पाहिले. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण त्या काचेचे बिल माझ्या सहीचे होते.

पुढची काच ही एक काच नसते. सुमारे दोन-दोन मिलिमीटर जाडीच्या दोन काचा आणि त्यांच्यामध्ये साधारण पाऊण मिलिमीटरचा पीव्हीबी नावाचा पारदर्शक पडदा, अशी तिची रचना असते. खडा लागला तर ती तडकते, पण तुकडे पडद्याला चिकटून राहतात. दारांच्या टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या, काचेसारखे तिचे दाणे होऊन अंगावर पडत नाहीत. मात्र या दोन काचा वाकवताना आणि दाबताना त्यांची पृष्ठे एकमेकींना समांतर राहिली नाहीत, तर तिरप्या बसलेल्या काचेतून येणारा प्रकाश दोन वाटांनी डोळ्यांपर्यंत पोहोचतो आणि एका दिव्याचे दोन दिवे होतात. दिवसा हे जाणवतही नाही. म्हणून काउंटरवर उभी ठेवलेली स्वस्त काच आणि चांगली काच यांत गिऱ्हाइकाला फरक दिसत नाही, आणि फसवणूक तिथेच होते, मग विकणाऱ्याच्या मनात ती असो वा नसो.

त्या शिक्षकांची काच आम्ही आमच्या खर्चाने बदलली. गाडीच्या कंपनीचे सुटे भाग विकणाऱ्या पुण्यातल्या वितरकाकडून मूळ काच मागवली, पॉलियुरेथेनचे योग्य चिकटद्रव्य आणले आणि ते वापरण्याची रीत उत्पादकाच्या माहितीपत्रकावरून ओळ न् ओळ वाचून शिकलो. त्यानंतर पुढच्या काचेसाठी सिलिकॉन दुकानात आणायचे नाही, असे मी अण्णांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी स्वतःच कपाटातल्या उरलेल्या नळ्या बाहेर काढून ठेवल्या.

मूळ काच म्हणजे काय, हे आम्हाला रोज समजावून सांगावे लागते, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहिते. गाड्यांच्या कंपन्या काच स्वतः बनवत नाहीत. सेंट-गोबेन सेक्युरिट किंवा असाही इंडिया यांसारखे काच उत्पादक ती त्यांच्या आराखड्यानुसार बनवून देतात. सेक्युरिटचा कारखाना तर आपल्या चाकणलाच आहे. गाडीच्या कंपनीने तपासून मान्य केलेल्या काचेवर त्या कंपनीचे चिन्ह आणि काच उत्पादकाचे नाव अशी दोन्ही असतात; तीच मूळ काच. तेच उत्पादक स्वतःच्या नावानेही सुट्या बाजारात काचा विकतात आणि त्याही चांगल्या असतात. जुन्या, साध्या गाडीला अशी काच बसवायला मी कधीही नकार देत नाही, फक्त बिलावर तसे स्पष्ट लिहिते. नकार आहे तो अशा काचेला, जिच्या कोपऱ्यात आयएसआय चिन्ह आणि आयएस २५५३ हा मानक क्रमांक नाही. गिऱ्हाइकाने काच बसवण्यापूर्वी तो कोपरा स्वतः वाचावा, असा माझा आग्रह असतो.

मूळ काचेचा खरा फायदा कडेला असतो. काचेच्या परिघावर जी काळी पट्टी दिसते ती शोभेसाठी नाही. काचेवर भाजून पक्का केलेला तो सिरॅमिक रंग आहे आणि तो खालच्या चिकटपट्टीला उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवतो. त्या पट्टीची रुंदी, काचेचा बाक, आरशाचा आणि पावसाच्या सेन्सरचा ब्रॅकेट या सगळ्या गोष्टी मिलिमीटरमध्ये जुळाव्या लागतात. बाक दोन-तीन मिलिमीटर चुकला तर बसवणारा काच दाबून बसवतो, ती कायम ताणाखाली राहते आणि एखाद्या थंड सकाळी गरम हवेचा झोत सुरू करताच कोपऱ्यातून चीर धावते. गिऱ्हाईक म्हणते, खडा लागला नाही तरी काच फुटली. ते खरेच सांगत असते.

तरीही काच कितीही उत्तम असली तरी ती बसवणाऱ्याच्या हातावर अवलंबून आहे, हे मला एका अपघातग्रस्त गाडीने शिकवले. ती काच आम्ही बसवलेली नव्हती. समोरून धडक बसून दोन्ही एअरबॅग उघडल्या होत्या आणि पुढची काच जवळजवळ अखंड बाहेर बॉनेटवर येऊन पडली होती. डावीकडची एअरबॅग उघडताना काचेवर आपटते आणि तिच्या आधाराने प्रवाशासमोर उभी राहते. इथे तो आधारच निघून गेला होता. मी पट्टी बोटाने उचलली तेव्हा ती पत्र्यावरून सेलोटेपसारखी सोलून आली. खाली गंज होता आणि प्रायमरचा, म्हणजे पट्टी नीट धरावी म्हणून पत्र्यावर आधी लावायच्या थराचा, मागमूस नव्हता. शेजारी बसलेल्या बाई वाचल्या, परंतु त्यांच्या चेहऱ्याला बरीच दुखापत झाली होती. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगते.

आमची पद्धत आता ठरलेली आहे. वायपर आणि त्याखालचे प्लास्टिकचे झाकण (काऊल) काढून डॅशबोर्ड झाकायचा; काच तारेने कापून सक्शन कपने उचलायची; जुनी पट्टी पूर्ण खरवडायची नाही, तर एक-दोन मिलिमीटरचा थर ताजा कापून ठेवायचा, कारण नवी पट्टी त्यावर सर्वांत चांगली धरते; जिथे पत्रा उघडा पडला असेल किंवा ओरखडा गेला असेल तिथे गंज काढून प्रायमर लावायचा आणि तो सुकेपर्यंत थांबायचे. मग नळीच्या तोंडाला त्रिकोणी खाच पाडून, मध्ये न तुटता, एकाच ओघात पट्टी ओढायची आणि तिच्यावर साय धरण्याआधी काच टेकवायची. हे चिकटद्रव्य हवेतल्या ओलाव्याने घट्ट होते, त्यामुळे एप्रिलच्या कोरड्या दुपारी त्याला जास्त वेळ लागतो आणि पावसाळ्यात कमी. फक्त पावसाळ्यात पृष्ठभाग पूर्ण कोरडा हवा, म्हणून शेडच्या तिन्ही बाजू आम्ही बंद करून घेतल्या. गाडी केव्हा न्यायची हे चिकटद्रव्याच्या उत्पादकाने सांगितलेल्या वेळेवरून ठरते, गिऱ्हाइकाच्या घाईवरून नाही. दोन दिवस गाडी जोराच्या पाण्याने धुवू नये आणि पहिल्या दिवशी दाराची एक काच बोटभर खाली ठेवावी, कारण दार जोरात लावले की आतल्या हवेचा दाब ओल्या पट्टीवर येतो.

या शिस्तीमुळे सुरुवातीला गिऱ्हाइके कमी झाली. मूळ काच वाहनाच्या चेसिस क्रमांकावरून मागवावी लागते, तिला कधी दोन, कधी पाच दिवस लागतात, आणि शेजारी तासाभरात काम होत असताना थांबायला कोण तयार होणार? दोन वर्षे हिशेब कसाबसा जुळला. नंतर महामार्गावरच्या टॅक्सीचालकांनीच आमचे नाव पसरवले, कारण रात्रभर काचेतून पाहणाऱ्यांना फरक सर्वांत आधी कळतो.

विम्याचे कागद मी स्वतः पाहते. काचेच्या भागांवर विमा कंपनी घसारा धरत नाही, त्यामुळे मूळ काचेची पूर्ण किंमत मान्य होते आणि त्यातून फक्त सक्तीची वजावट, म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतः भरायची ठरावीक रक्कम, जाते: १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यावर २,००० रुपये. तरीही मी प्रत्येकाला क्लेम करायला सांगत नाही. समजा, काचेला ६,००० रुपये लागणार आहेत आणि गिऱ्हाइकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ५० टक्क्यांवर पोहोचला आहे. गाडीच्या नुकसानीचा हप्ता बोनसपूर्वी १०,००० असेल तर साध्या पॉलिसीत एका क्लेमने पुढच्याच वर्षी ५,००० रुपये जास्त भरावे लागतील आणि बोनस पुन्हा २० टक्क्यांपासून वाढवावा लागेल. अशा वेळी खिशातून खर्च केलेला बरा. खड्याचा टिपका नाण्यापेक्षा लहान आणि चालकाच्या नजरेसमोर नसेल, तर रेझिन भरून तो दुरुस्त होतो आणि कारखान्यात बसवलेली पट्टी जशीच्या तशी राहते. त्यात आमची कमाई नगण्य आहे, तरी असा टिपका दिसला की मी काच बदलू देत नाही. काच बदललीच, तर तिच्यावरचा फास्टॅग काढताना निकामी होतो, म्हणून बँकेकडे नव्या फास्टॅगची मागणी आधीच करायला आम्ही काच मागवतानाच सांगतो. नाहीतर नवी काच घेऊन निघालेली गाडी पहिल्याच टोलनाक्यावर अडते.

गेल्या काही वर्षांत आणखी एक बदल आला आहे. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० सारख्या गाड्यांत आरशामागे एक कॅमेरा असतो आणि समोरची गाडी, रस्त्याची पट्टी, माणूस हे सगळे तो काचेतूनच ओळखतो. काच बदलल्यावर तो कॅमेरा एक अंश जरी वळला, तरी ५० मीटरवर त्याचा अंदाज सुमारे ८७ सेंटिमीटरने चुकतो. अशा गाडीला आम्ही मूळ काचेशिवाय दुसरी काच बसवत नाही, आणि बसवल्यावर कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे कॅमेऱ्याची नजर पुन्हा अचूक जुळवून घेण्यासाठी, गाडी अधिकृत सेवा केंद्रात पाठवतो. तसे लेखी घेतल्याशिवाय किल्ली देत नाही. हे काम आपल्याकडेच व्हावे, अशी माझी फार इच्छा आहे. त्यासाठी कॅमेऱ्याला दाखवायचा लक्ष्यफलक उभा करायला गाडीसमोर मोकळी जागा आणि तिच्याखाली एका पातळीतली फरशी लागते. शेडच्या मागच्या भिंतीपलीकडची जागा आम्ही यंदा भाड्याने घेतली आहे, भिंत पाडून झाली आहे, आणि अण्णा रोज सकाळी पाण्याची पातळीनळी घेऊन गवंड्याशेजारी उभे असतात.