तुम्ही विचारलंत म्हणून: नव्या गावात करमतं का?

३० सप्टेंबर जवळ आला की कुणी ना कुणी येतंच. पत्रकार, कॉलेजची पोरं, पुण्याचे पाहुणे. प्रश्न एकच, "ताई, नव्या गावात करमतं का?" हो म्हणावं तर यांच्या लेखी आमचं दुःख संपलं. नाही म्हणावं तर, पक्कं घर मिळूनही रडतातच.

१९९३ च्या किल्लारी भूकंपाची ती पहाट मी सांगणार नाही, ती तुम्हाला ठाऊक आहे. सांगायचंय ते घरवाटपाच्या दिवसाचं.

५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली, त्यातलं आमचं एक. घराचं माप जमिनीवरून. भूमिहीन आणि हेक्टरभरापर्यंतच्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०. आमच्याकडं नकाशाही तसाच आखला, एका मापाची घरं एका रांगेत.

आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण मजुरी करायची. पडलेल्या माळवदाची, म्हणजे मातीच्या छताची, माती हातांनी उकरून आत्याबाईंना बाहेर काढलं ते तिनं. पत्र्याच्या शेडातही आम्ही शेजारीच होतो. वाटपाला साहेबांनी सातबारा मागितला. आमचा होता, तिचा कुठून असणार? आत्याबाई म्हणाल्या, "आम्हाला बारकं घर द्या, पण हिच्याजवळ द्या." साहेब म्हणाले, "आजी, यादीत तसं बसत नाही." वाईट बोलले नाहीत. दमलेले होते, मागं रांग होती. तिचं घर गावाच्या पार त्या टोकाला निघालं, मधे सावली नसलेला रुंद रस्ता. आत्याबाईंनी किल्लीला हात लावला नाही. मी घेतली. पाऊस तोंडावर होता, शेडात लेकरू तापलेलं होतं. आजही मी तीच किल्ली घेतली असती. आत्याबाई मात्र पुढं कितीतरी दिवस फडक्यात भाकरी बांधून दुपारी तिकडं जायच्या आणि तिथंच जेवायच्या.

लोक म्हणतात, गावकऱ्यांनी आखीवरेखीव गावाची कळा घालवली. हो, आम्ही ओटे बांधले, पत्रे टाकून पडव्या काढल्या. कडबा, जनावरं, बाळंतीण यांना त्या नकाशात जागाच नव्हती. ती आम्ही केली.

आणि गाव नुसतं घेत बसलं नाही. ज्या गावांत जुनी घरं दुरुस्त करायची होती, तिथं महिला मंडळांतल्या बाया संवाद सहायक, म्हणजे सरकार आणि गावकरी यांच्यातला दुवा झाल्या. मीही झाले. माळवदावरची माती कमी करा, दगडी भिंतीत आरपार दगड घाला, कोपरे बांधून घ्या, असं गवंड्यांना सांगायची. आधी गवंडी ऐकूनच घ्यायचे नाहीत, मग ऐकायला लागले. २००१ ला गुजरातमध्ये भूकंप झाला तेव्हा आमच्याकडच्या बाया तिकडं गेल्या. आमच्या भूकंपाआधी मी चावडीसमोरून मान खाली घालून जात होते.

तरी जुनं गावच बरं होतं, असं मी कैक वर्षं म्हणत आले. एकदा त्या शेजारणीची सून म्हणाली, "ताई, तुम्हाला गल्ली आठवते. मला आठवतं, पाऊस आला की तुमच्या वाड्याचं पाणी आमच्या घरात. हे घर आमच्या नावावर आहे." यावर मला उत्तर सापडलेलं नाही. ती खरं बोलते. पण तिच्या सासूला आमच्यापासून तोडायची काय गरज होती? घरही द्यायचं आणि शेजारही राखायचा, इतकं अवघड होतं का ते?

करमतं का, हे यंदा त्या टोकाला जाऊन त्या सुनेलाही विचारा.