प्रेमकथांमधली चुकणारी माणसं

"शेवट माहीतच असतो ना, मग वाचतेस कशाला?" हे मला इतक्या वेळा विचारलं गेलंय की आज लिहूनच टाकते. हो, असतो माहीत. शेवटी ती दोघं एकत्र येणार हा रोमान्समधला अलिखित करारच आहे, आणि मला वाटतं त्या करारामुळेच पात्रांना मनसोक्त चुकायची मोकळीक मिळते. शेवट पक्का आहे म्हटल्यावर मधे कुणी कितीही माती खाल्ली तरी पुस्तक मिटावंसं वाटत नाही, उलट आता हे निस्तरणार कसं याचीच ओढ लागते.

जेन ऑस्टिनचं 'प्राइड अँड प्रेज्युडिस'च घ्या, १८१३ चं पुस्तक. एकूण ६१ प्रकरणं, आणि नायक डार्सी नायिका एलिझाबेथला लग्नाची मागणी घालतो ३४व्या प्रकरणात, म्हणजे जेमतेम अर्ध्यावर! तुझ्यावर प्रेम आहे म्हणतो आणि त्याच दमात तिच्या घरच्यांची लायकी काढतो. ती सरळ नाही म्हणते. उरलेलं अर्धं पुस्तक मला जास्त आवडतं, कारण तो बदलतो ते तिला दाखवायला नाही. तिची धाकटी बहीण विकहॅम नावाच्या लबाड अधिकाऱ्याबरोबर पळून जाते तेव्हा हा गुपचूप पैसे भरून त्यांचं लग्न लावून देतो आणि कुणाला कळू नये असं बघतो. एलिझाबेथला खरा प्रकार कळतो तो मामीच्या पत्रातून. आणि तीसुद्धा काही कमी चुकलेली नाही हां, इतकी हुशार मुलगी पण विकहॅम गोड बोलून डार्सीबद्दल जे खोटंनाटं सांगतो त्याला भुलते, कारण डार्सीचा राग आलेला असताना तेच खरं मानायला सोपं होतं. असं आपण सगळेच करतो.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते ऑस्टिनचंच 'पर्स्वेजन'. ॲन १९व्या वर्षी दुसऱ्याचं ऐकून तेव्हा हातात पैसा नसलेल्या वेंटवर्थशी ठरलेलं लग्न मोडते, ८ वर्षं जातात. आपल्याला वाटत राहतं चूक तिचीच, पण शेवटाकडे वेंटवर्थ कबूल करतो की दोनेक वर्षांतच हातात पैसा आला होता, तेव्हा पत्र लिहिता आलं असतं, पण अहंकार आडवा आला. सहा वर्षं वाचली असती! मी ते वाचून बराच वेळ नुसती बसून होते, कारण माझंही एका मैत्रिणीशी असंच झालंय, भांडण किरकोळ होतं पण आधी फोन कुणी करायचा यात चार वर्षं गेली.

दोष दाखवला की पात्र आवडेलच असं नाही मात्र. काही पुस्तकांत हिरो नायिकेचा फोन तपासतो, कुठे गेलीस कुणाबरोबर गेलीस म्हणून धमकावतो आणि लेखिका त्याला प्रेम म्हणते, तिथे मी थांबते. राग या गोष्टीचा येतो की त्याला पुढे काही वाटतच नाही, आपलं चुकलं हे तो कधी स्वतःशीसुद्धा म्हणत नाही. डार्सीला तिचे शब्द कित्येक महिने छळत राहतात, तो तिला तसं सांगतोही.

सध्या 'पर्स्वेजन' तिसऱ्यांदा वाचतेय. वेंटवर्थ शेवटी ॲनला लिहितो ते पत्र अजून दोन प्रकरणं लांब आहे आणि मी मुद्दाम हळू वाचतेय.