पडवीतला फ्यूजबोर्ड

यंदा गणपतीच्या आदल्या रात्री मखराच्या माळा लावल्या आणि माजघर अंधारात गेलं. अण्णा सवयीने स्टूल घेऊन पडवीत निघाले, मागोमाग मी बॅटरी घेऊन. बाहेर पाऊस कोसळत होता, सारवलेली जमीन पायाला ओली लागत होती.

आमचा बोर्ड माझ्याहून जुना. लाकडी फळी, वर काळा लोखंडी मेन स्विच, खाली चिनीमातीचे चार किटकॅट फ्यूज, म्हणजे ओढून काढून तार बदलायचे. तिसऱ्याचा ओढून काढायचा भाग कधीतरी पडून फुटला, तेव्हापासून अण्णा बुडातल्या दोन पितळी पट्ट्यांनाच थेट तार गुंडाळतात. उघड्या पट्ट्या! आणि चार बोटांवर गोठ्याच्या किल्लीचा खिळा. माझा भाचा नऊ वर्षांचा आहे, बाकावर चढला की त्याचा हात तिथे पोचतो.

"मेन बंद केलाय गो, घाबरतेस काय," अण्णा म्हणाले.

मी टेस्टर लावला. पट्ट्या खरंच बंद होत्या. पण मेन स्विचचं झाकण सुतळीने बांधलेलं, फटीतून वरचे स्क्रू दिसत होते. तिथे टेस्टर टेकवताच लाल उजेड. मीटरकडून येणारी वायर जिथे कसलेली असते, ते टोक मेन बंद केल्यावरही जिवंतच राहतं. अण्णांची बोटं इतकी वर्षं त्याच्या वीतभर खाली काम करत होती, या विचाराने माझ्या पोटात गोळा आला.

दुसरी गोष्ट त्याहून फसवी. आमच्या मेनमध्ये न्यूट्रललाही, म्हणजे वीज परत जाण्याच्या वायरीलाही, फ्यूज होता, जुन्या पद्धतीचा. तो वितळला तर दिवे जातात, पंखे थांबतात, पण २३० व्होल्टचा फेज, म्हणजे वीज आणणारी जिवंत वायर, होल्डरपर्यंत तसाच असतो. दिवा लागत नाही म्हणून बिनधास्त हात घालणारा माणूस तिथेच सापडतो.

"धक्का बसला तर फ्यूज उडेल की," असंही अण्णा म्हणाले. नाही उडत, अण्णा. ५ अँपिअरची तार असते ती वायरी तापून पेटू नयेत म्हणून. माणसाचा जीव घ्यायला पन्नासेक मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा विसावा भाग, पुरू शकतात, तेवढ्याने ती तार कोमटसुद्धा होत नाही.

"पन्नास वर्षं मीच बांधतोय तार," ते हळूच म्हणाले. मला त्यांना दुखवायचं नव्हतं. तरी तार मी त्यांच्या हातातून काढून घेतली. त्या रात्री मखराजवळ समईच लावली, आणि किल्लीचा खिळा तेवढा लगेच बैठकीत हलवला.

दीड दिवसाचं विसर्जन झाल्यावर वायरमन आला. जुना मेन उतरवायला त्याने वीज कंपनीच्या माणसाकडून मीटरच्या आधीच पुरवठा तोडून घेतला. आता बंद पेटीत एमसीबी आहेत, म्हणजे वीज जास्त ओढली गेली की आपोआप पडणारे स्विच, आणि वीज कुठे गळली, अगदी माणसातून गेली, तरी पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं काम अण्णांनी आपणहून घेतलंय.

शेजारच्या काकूंकडे अगदी तसाच बोर्ड आहे. उद्या वायरमनला तिकडे घेऊन जातेय.