स्केफॉइड आणि ल्युनेट यांना बांधणारा अस्थिबंध

मनगट लचकले की लेप लावला जातो, क्रेप बँडेज गुंडाळले जाते आणि एक्स-रेमध्ये हाड मोडलेले दिसले नाही की घरातले सगळे निर्धास्त होतात. फिजिओथेरपिस्ट म्हणून मला या निर्धास्तपणाचीच काळजी वाटते, कारण पसरलेल्या तळहातावर पडल्यानंतर सगळी हाडे शाबूत राहूनही मनगटातील स्केफॉइड आणि ल्युनेट या दोन हाडांमधला अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा (लिगामेंट), फाटलेला असू शकतो.

मनगटात 8 लहान हाडे दोन ओळींत बसलेली असतात. कोपराकडच्या ओळीतील स्केफॉइड, ल्युनेट आणि ट्रायक्वेट्रम यांना हलवणारी एकही कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) त्यांच्यावर थेट जोडलेली नसते. कंडरा त्यांच्यावरून पुढे जातात आणि ही हाडे केवळ पुढून-मागून येणाऱ्या दाबानुसार वळतात. त्या दाबाखाली स्केफॉइड तळहाताच्या बाजूला वाकू पाहते, तर ट्रायक्वेट्रम ल्युनेटला हाताच्या पाठीच्या बाजूला कलवू पाहते. या दोन विरुद्ध ओढी परस्परांना तोलून धरतात त्या केवळ मधल्या अस्थिबंधामुळे, आणि म्हणूनच ती ओळ एकजिनसीपणे हलते.

हा अस्थिबंध इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराचा असून त्याचे तीन भाग सारख्या ताकदीचे नसतात. पाठीकडचा भाग सर्वांत जाड असून तो सुमारे 260 न्यूटन ताण सोसतो. तळहाताकडचा सुमारे 118, तर मधला पातळ पडद्यासारखा भाग जेमतेम 63. त्यामुळे पाठीकडचा भाग टिकून आहे की नाही, हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

तपासताना स्केफॉइडच्या तळहाताकडील उंचवट्यावर अंगठा दाबून धरायचा आणि करंगळीकडे झुकवलेले मनगट हळूहळू अंगठ्याकडे आणायचे. अस्थिबंध सैल असेल तर स्केफॉइड मागे सरकते आणि दाब सोडताच ते ‘खट्’ करून जागेवर येते. रुग्णाला तिथेच नेमकी कळ येते. दुसऱ्या हाताची तुलना अवश्य करावी, कारण काहींचे सांधे जन्मतःच सैल असतात. साध्या एक्स-रेत न दिसणारी स्केफॉइड आणि ल्युनेटमधली फट मूठ घट्ट आवळून काढलेल्या एक्स-रेत दिसू शकते, आणि ती 3 मिलिमीटरपेक्षा जास्त असल्यास संशय बळावतो.

पूर्ण फाटलेला अस्थिबंध पहिल्या काही आठवड्यांत शिवता आला तर उत्तम. पुढे त्याची टोके आखडतात आणि कंडरेचा तुकडा वापरून नवी बांधणी करावी लागते. दुर्लक्ष झाले तर वाकलेले स्केफॉइड रेडियसवर (अंगठ्याच्या बाजूचे पुढच्या हाताचे हाड) चुकीच्या जागी घासत राहते आणि काही वर्षांत तिथली कूर्चा, म्हणजे हाडावरचे गुळगुळीत आवरण, झिजते. शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामात हातोडीने खिळा ठोकतानाची तिरकी हालचाल आधी दिली जाते, कारण तीत स्केफॉइड आणि ल्युनेट एकमेकांपासून फारशी हलत नाहीत.