वीजबिलाच्या पाठीवरच्या वेळा

"सिस्टर, ओरडू नका हं. चौथ्यांदा आलेय मी."

सकाळचे सव्वासात झाले होते. मी नुकतीच ड्यूटीवर येऊन रात्रीच्या सिस्टरकडून वॉर्ड ताब्यात घेत होते. दारात ती उभी होती. एक हात कमरेवर, दुसऱ्यात माता-बाल संरक्षण कार्ड आणि घडी घातलेला एक कागद. मागे सासूबाई, हातात कपड्यांची पिशवी. मे महिना होता, भांडुपच्या टेकडीवरून पायऱ्या उतरून दोघी रिक्षाने आल्या होत्या.

मी तिच्यावर कधी ओरडले नव्हते. पण आठ दिवसांपूर्वी, तिसऱ्या खेपेला, मीच तिला म्हणाले होते, "अगं, खोट्या कळा आहेत या. सारखी सारखी येऊ नकोस, घरी आराम कर." मायेनेच म्हणाले होते. माया होती म्हणून त्या वाक्याचा परिणाम कमी झाला नाही, हे मला त्या सकाळी कळलं.

तिचं पहिलंच बाळंतपण. एका पोळी-भाजी केंद्रात ती पोळ्या लाटायची. पैसे पोळ्यांच्या नगावर, त्यामुळे उभं राहण्याला वेळेचं बंधन नाही. पहिल्यांदा आली तेव्हा एकोणतिसावा आठवडा होता. तासात पाच-सहा वेळा पोट दगडासारखं होतंय म्हणाली. लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. लघवीच्या संसर्गाने गर्भपिशवी अशी चिडते, हे आम्ही नेहमी पाहतो. गोळ्यांचा कोर्स झाला आणि कळा कमी झाल्या. दुसऱ्यांदा एकतिसाव्या आठवड्यात. पहाटे पाणी येतं, हंडे भरून झाले, मग भट्टीसमोर चार तास, आणि दिवसभरात पाणी प्यायली जेमतेम दोन ग्लास. डाव्या कुशीवर निजवलं, भरपूर पाणी पाजलं, लघवीला जाऊन यायला लावलं. तासाभरात पोट सैल पडलं. सोनोग्राफीत पिशवीच्या तोंडाची लांबी तीन सेंटिमीटर, म्हणजे चांगली. तिसऱ्यांदा बत्तिसाव्यात, तोंड बंदच. आणि मग माझं ते वाक्य.

'खोट्या कळा' हा शब्द मला आता नकोसा वाटतो. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७२ मध्ये या आकुंचनांचं वर्णन केलं, म्हणून पुस्तकात त्यांना त्यांचं नाव आहे. गर्भपिशवी हा स्नायू आहे, तो आवळतो तेव्हा खरोखरच आवळतो. बाईला जे जाणवतं त्यात खोटं काही नसतं. फरक एवढाच, की पिशवीचं तोंड त्यामुळे आखूड होत नाही, उघडत नाही. आणि ते उघडतंय की नाही हे तपासल्याशिवाय कुणालाही सांगता येत नाही, कधी कधी दोन-तीन तासांनी पुन्हा तपासावं लागतं. म्हणजे मी तिला 'खोट्या' म्हणाले ते फार तर त्या संध्याकाळपुरतं खरं होतं. तिने ते पुढच्या सगळ्या रात्रींसाठी खरं धरलं.

तिला टेबलावर घेतलं. तिने तो कागद माझ्यापुढे केला. विजेचं बिल होतं, आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीने वेळा.

११.१०. ११.२२. ११.३१. ११.४५. मग तासभर मोकळी जागा, बाजूला लिहिलं होतं 'पाणी, झोपले'. १.०५ पासून पुन्हा सुरू. दोननंतर दहा-दहा मिनिटांनी. चारनंतर सात-आठ मिनिटांनी. पाच वाजून चाळीस मिनिटांच्या पुढे 'कंबर' असा एकच शब्द. सहाच्या पुढे 'लाल'.

"पोळ्या मोजायची सवय आहे ना," ती म्हणाली, "म्हणून मोजत बसले."

"रात्रीच का नाही आलीस?"

ती काही बोलली नाही. सासूबाई म्हणाल्या, "मी पण तिला बोलले, सातव्या-आठव्यात व्हतंच असं, आमचं पण व्हायचं. आणि ती म्हणाली, सिस्टरांनी सांगितलंय येऊ नको."

मी पोटावर हात ठेवला. हे आम्हाला शिकताना शिकवतात, आणि यंत्रं कितीही आली तरी मी सोडलेलं नाही: तळवा सपाट, पोटाच्या वरच्या भागावर, बोटं न रुतवता. आवळलेलं पोट नाकाच्या शेंड्याइतकं लागलं तर कळ हलकी, हनुवटीसारखं लागलं तर मध्यम, कपाळासारखं लागलं तर जोरदार. एक कळ सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचा वेळ मोजायचा. नव्या मुली एक संपल्यापासून मोजतात आणि मग आकडा चुकतो. त्या दहा मिनिटांत दोन कळा आल्या. पहिली हनुवटी. दुसरी जवळजवळ कपाळ. बाळाचे ठोके छान होते.

डॉक्टर मॅडमनी तपासलं. पिशवीचं तोंड दोन सेंटिमीटर उघडलेलं, बरंच पातळ झालेलं. पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, शाबूत होती. तेहेतीस आठवडे आणि दोन दिवस.

पुढची वीस मिनिटं भराभर गेली. डेक्सामेथासोनचं सहा मिलिग्रॅमचं पहिलं इंजेक्शन मी दिलं. बीपी पाहून कळा मंदावण्यासाठी निफेडिपिनची गोळी. आमच्याकडे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग नाही, म्हणून शीवच्या मोठ्या रुग्णालयात फोन, आणि १०८ ला फोन. हे इंजेक्शन कळा थांबवत नाही. ते आईला टोचायचं पण असतं बाळाच्या फुप्फुसांसाठी. न्यूझीलंडच्या ग्रॅहम लिगिन्स यांना आधी मेंढ्यांच्या अपुऱ्या दिवसांच्या कोकरांमध्ये याचा परिणाम दिसला, मग त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी माणसांत चाचणी करून १९७२ मध्ये ती प्रसिद्ध केली. बारा-बारा तासांनी चार डोस. कळा मंदावण्याच्या गोळ्यांचं मुख्य काम म्हणजे तेवढे दोन दिवस मिळवून देणं. त्यामुळे रात्रीचे आठ तास माझ्या डोक्यातून जात नव्हते. अकरा वाजून दहा मिनिटांनी ती निघाली असती तर दुसऱ्या डोसची वेळ जवळ आली असती.

गाडीत मी सोबत गेले. पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीपर्यंत बरं होतं, घाटकोपरच्या पुढे गाड्यांची रांग. डाव्या कुशीवर ती, पोटावर माझा हात, आणि माझ्या अ‍ॅप्रनवर चिकटवलेल्या मायक्रोपोरच्या पट्टीवर मी वेळा लिहीत होते. छेडानगरजवळ तिने विचारलं, "सिस्टर, या खऱ्या आहेत का?"

"खऱ्या आहेत. आधीच्याही खऱ्याच होत्या. मी तुला चुकीचं सांगितलं."

तिने माझं मनगट धरलं आणि पुढची कळ संपेपर्यंत सोडलं नाही. "लांब श्वास सोड," म्हणत राहिले. दुसरं काही सुचत नव्हतं.

कळा त्या दुपारी पंधरा मिनिटांवर गेल्या. चारही डोस पूर्ण झाले. पाचव्या दिवशी पहाटे ती बाळंत झाली. मुलगी, एक किलो नऊशे चाळीस ग्रॅम, आल्या आल्या रडली. श्वासासाठी यंत्र लागलं नाही. थोडे दिवस निगराणीत, मग आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून. सासूबाईही आळीपाळीने छातीशी घेऊन बसायच्या, असं मला नंतर कळलं.

तेव्हापासून आमच्या टेबलावर मी एक वही ठेवली आहे. पोट कडक होतंय म्हणून आलेल्या आणि घरी पाठवलेल्या प्रत्येकीच्या कार्डावर मी स्वतः लिहिते: सदतीस आठवड्यांच्या आत, पाणी पिऊन, लघवीला जाऊन, तासभर कुशीवर पडूनही तासात चार किंवा जास्त वेळा पोट आवळलं, तर निघून या. रक्त, पाणी जाणं, कंबर भरून येणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यात तासभर थांबायचंही नाही. आणि खाली, कितव्यांदाही या. महिनाभर पूर्ण पडून राहायला मी कुणाला सांगत नाही. त्याने लवकरचं बाळंतपण टळतं असं दिसलेलं नाही, आणि नगावर पैसे मिळणाऱ्या बाईला ते परवडतही नाही. पण हंडे दुसऱ्याने उचलायचे आणि लाटायला स्टूल घ्यायचं, हे नवऱ्याला आणि सासूला समोर बसवून सांगते. वहीत कोण किती वेळा आलं तेही लिहिते, चौथ्यांदा आलेलीला अधिक काळजीने पाहता यावं म्हणून. वैताग येतोच आम्हाला, गर्दीत येतो. पण रात्री दोन वाजता अंधारात पोटावर हात ठेवून, जावं की नको असं ठरवत बसलेल्या बाईची भीती मला आता त्या पेन्सिलीच्या आकड्यांत दिसते.

दीड महिन्याच्या लसीला ती आली. बाळाला दुपट्यात गुंडाळलं होतं. माझ्यासमोर बसली आणि पिशवीतून कागद काढला. या महिन्याचं वीजबिल, पाठीवर पेन्सिलीने वेळा. रात्री किती वाजता पाजलं, कोणत्या बाजूला, किती वेळा लंगोट ओला झाला. दोन ठिकाणी 'झोपेतच, उठवलं' असं लिहिलं होतं.

मी कागद आधी पूर्ण वाचला. मग बाळाला काट्यावर ठेवलं. दोन किलो नऊशे पन्नास.