दार मी उघडलं म्हणून केस माझ्यावर

आमच्या घरात टीव्ही सगळ्यात कमी बघणारी मी, आणि टीव्हीच्या लायसन्सवरून कोर्टाची नोटीस आली ती माझ्याच नावाने. नवऱ्याच्या नाही, ज्यांच्यासाठी टीव्ही चालू होता त्या सासूबाईंच्या तर नाहीच नाही. का, तर त्या दिवशी दार मी उघडलं.

२०२३ची गोष्ट. आम्ही इंग्लंडात रेडिंगला भाड्याच्या घरात राहतो, नवरा आयटीत, मी डिपेंडंट व्हिसावर, मुलगी तेव्हा दीड वर्षाची. या घरात आलो तेव्हापासून दर महिना दोन महिन्यांनी एक पत्र यायचं, त्यावर नाव नाही, नुसतं 'लीगल ऑक्युपायर', म्हणजे जो कोण इथे राहतो तो, आणि आत लाल अक्षरात या पत्त्यावर टीव्ही लायसन्स (इथे टीव्ही बघायला वर्षाचे पैसे भरून काढायचा परवाना) नाहीये वगैरे. नवऱ्याचं म्हणणं, आपण बीबीसी बघतो का? नाही. मग कसलं लायसन्स? आणि पत्र रीसायकलिंगच्या डब्यात. खोटं कशाला बोलू, मलाही ते पटायचं.

इथेच फसलो. पैसे बीबीसीला जातात हे खरं, पण नियम बीबीसीपुरता नाही. कुठलाही चॅनल, कुठल्याही देशाचा, टीव्हीवर बघा नाहीतर मोबाईलवर, तो लागलेला असतानाच लाइव्ह बघितला की लायसन्स पाहिजे. बीबीसीच्या आयप्लेयर अॅपवर तर २०१६पासून जुना भाग बघायचा तरी पाहिजे. बाकी नेटफ्लिक्सवरचे सिनेमे-मालिका, यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ, दुसऱ्या दिवशी अॅपवर सिरीयलचा भाग बघणं, याला काही लागत नाही. म्हणजे सासूबाई येईपर्यंत आम्ही खरंच नियमात होतो!

सासूबाई आदल्या वर्षीच्या, २०२२च्या ऑक्टोबरात आल्या सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर. पहिला आठवडा आदल्या दिवशीचे भाग दाखवले, पण त्यांची बहीण सांगलीला, आणि दोघींचा रोज सिरीयल संपली की फोन. आता बहिणीने आजचा भाग बघितलेला आणि यांनी कालचा, तर बोलणार काय? एक दिवस मावशींनी फोनवर सगळं सांगून टाकलं, कोण कोणाला घरातून हाकलतं ते, आणि आई इतक्या हिरमुसल्या की नवऱ्याने त्याच रात्री लाइव्ह चॅनलवालं पॅक घेतलं. तिकडची साडेसातची सिरीयल हिवाळ्यात इथे दुपारी दोनला लागते. जेवण, भांडी, दोन वाजता टीव्ही, अडीचला सांगलीला फोन. छान चाललं होतं.

जानेवारीत एका दुपारी बेल वाजली. मला वाटलं पार्सल. बाहेर गळ्यात आयकार्ड घातलेला माणूस, आवाज एकदम मऊ, म्हणाला या पत्त्यावर लायसन्स दिसत नाहीये, टीव्ही वापरता का? मागून सिरीयलचं ते ढँण ढँण म्युझिक स्पष्ट ऐकू येतंय, कडेवर पोरगी, मी काय नाही म्हणणार? हो म्हणलं. बघू का म्हणाला, या म्हणलं. (वॉरंट नसेल तर त्यांना आत घ्यायचं काही बंधन नसतं, दारातूनच नाही म्हणता येतं, हे मला नंतर कळलं. आपल्याकडे दारात आलेल्याला आत या म्हणायची सवय, तीच नडली.) तो हॉलमध्ये उभा राहिला, टीव्हीकडे बघितलं, आईंनी मला विचारलं "कोण गं? चहा टाकू का त्यांना?" आणि तो एक फॉर्म काढून आधी मलाच ऐकवतोय की तुम्ही बोललंच पाहिजे असं नाही पण बोलाल ते पुरावा म्हणून वापरता येईल. माझ्या पोटात गोळा. तरी सगळं सांगितलं, नाव, जन्मतारीख, कधीपासून बघता, शेवटचं कधी बघितलं. शेवटचं म्हणजे आत्ता, हे काय चालूय. खाली सही केली. ती सही आपला जबाब आहे हे तेव्हा डोक्यातच आलं नाही, कुरियरची करतो तशी केली.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला उद्याच काढतो लायसन्स. तेव्हा वर्षाचे १५९ पौंड होते. तो उद्या काही आला नाही. ऑफिसात रिलीज होतं, मग पोरगी आजारी, मग आईंची परत जायची तयारी. एप्रिलमध्ये आई गेल्या, पॅक बंद केलं, आणि आता तर बघतच नाही म्हणून विषय संपला असं आम्हीच ठरवून टाकलं.

मेमध्ये जाड पाकीट आलं. यावेळी 'ऑक्युपायर' नाही, माझं पूर्ण नाव, लग्नानंतरचं, स्पेलिंगसकट बरोबर. वर लिहिलेलं सिंगल जस्टिस प्रोसीजर नोटीस. आत आरोप, २००३च्या कम्युनिकेशन्स अॅक्टचं कलम ३६३, जास्तीत जास्त दंड १००० पौंड, मागे त्या माणसाचं निवेदन आणि भरायचे फॉर्म. निवेदनात लिहिलं होतं की टीव्ही चालू होता, परदेशी भाषेतली मालिका दिसत होती, आणि घरातल्या वयस्कर बाईंनी काहीतरी विचारलं ते समजलं नाही. ते चहाचं होतं! त्याही परिस्थितीत मला हसू आलं आणि मग रडू आलं ते थांबेना, कारण माझ्या डोक्यात एकच, कोर्ट, क्रिमिनल, व्हिसा गेला.

रात्री बसून नीट वाचलं. आपल्या डोक्यात समन्स म्हणजे अमुक तारखेला कोर्टात उभं राहा. हे तसं नसतं. तुम्ही कबूल केलंत किंवा काहीच कळवलं नाहीत, तर एक मॅजिस्ट्रेट, सोबत कायद्याचा सल्लागार घेऊन, कागदांवरूनच निकाल देतो, कोणालाच बोलावत नाही. नोटिशीच्या तारखेपासून २१ दिवसांत कळवायचं, गुन्हा कबूल, किंवा कबूल पण मला कोर्टात येऊन बोलायचंय, किंवा नाकबूल, मग मात्र रीतसर सुनावणी. गप्प बसलात तर त्यांच्याकडच्या पुराव्यावर तुमच्या माघारी निकाल लागतो.

नवरा म्हणे नोटीस माझ्या नावावर करून मागू, लीज माझं, पॅक माझं. सिटिझन्स अॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेत गेलो, तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, असं होत नाही, टीव्ही वापरते असा जबाब जिने दिला तिच्यावर केस. आणि म्हणाल्या तू एकटी नाहीस गं बाई, या केसेसमध्ये बायकाच जास्त असतात. पुढे वाचलं तेव्हा कळलं की बीबीसीने स्वतःच यावर अभ्यास करून घेतलाय आणि त्यातलं एक कारण हेच, दिवसा घरी बाई असते, दार ती उघडते. माझा तेव्हा जो काही संताप झाला तो मी रस्ताभर नवऱ्यावर काढला, बिचारा गुपचूप ऐकत होता, ऐकायलाच पाहिजे होतं.

त्या बाईंनी सांगितलेली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे उत्पन्नाचा फॉर्म सोडू नका. दंड आठवड्याच्या उत्पन्नावर ठरतो. तुम्ही काहीच कळवलं नाही तर कोर्ट तुमची कमाई आठवड्याला ४४० पौंड धरून चालतं, आणि अगदी कमी किंवा शून्य असेल तर १२० धरतं. माझी तर शून्य. शिवाय सुरुवातीलाच कबूल केलं की दंडात एक तृतीयांश सूट. आपल्या लोकांचं काय होतं, घाबरून पाकीट ड्रॉवरमध्ये टाकतात आणि मग कितीतरी जास्त भरतात.

त्याच दिवशी लायसन्स काढलं, पावतीची प्रत जोडली. कबूल वर खूण केली. कारण लिहायला जागा होती तिथे नवऱ्याने आधी दोन पानी निबंध लिहिला, भारतीय संस्कृती, वृद्ध आई, एकटेपणा. मी सगळं खोडून पाच ओळी लिहिल्या, सासूबाई सहा महिने आल्या होत्या, लाइव्ह बघायला लायसन्स लागतं हे आम्हाला माहीत नव्हतं, कळल्यावरही उशीर केला ती आमची चूक, आता काढलंय, मला उत्पन्न नाही. पोस्टात जाऊन पाठवल्याची पावती घेतली. ती अजून आहे.

मग थांबायचं. ते पाच आठवडे वाईट गेले. रोज पोस्टमन यायच्या वेळेला मी दाराशी. निकाल आला तो एका साध्या पानावर: दंड ४० पौंड, त्यावर सरचार्ज १६, आणि खटल्याचा खर्च १२०. एकूण १७६, भरायला २८ दिवस. म्हणजे दंड किरकोळ आणि खर्चच भारी. लायसन्सचे १५९ धरून ३३५ पौंडांना पडली ती सिरीयल. त्याच रात्री कार्डाने भरून टाकले, कारण या गुन्ह्याला तुरुंग नाही पण कोर्टाचा दंड मुद्दाम भरला नाही तर तिथपर्यंत जाऊ शकतं.

व्हिसाचं सांगते, कारण हेच सगळे विचारतात. पुढच्या वर्षी एक्स्टेन्शनच्या फॉर्मवर शिक्षा, दंड याबद्दल प्रश्न होता. ओळखीतल्या दोघांनी सल्ला दिला, एवढ्याशा गोष्टीचं काय लिहायचं. मी लिहिलं. हो, तारीख, रक्कम, भरल्याची पावती. लपवलेलं सापडणं हे दंडापेक्षा कितीतरी वाईट, असं वकिलाने स्पष्ट सांगितलं होतं. एक्स्टेन्शन आलं, कोणी काही विचारलं नाही.

एक ओळखीची मुलगी माझ्यापेक्षा जास्त अडकली. तिची नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, तिला कळलंच नाही, थेट दंड वसुलीचं पत्र हातात. अशा वेळी मला केसची माहितीच नव्हती असं शपथेवर सांगता येतं, स्टॅच्युटरी डिक्लेरेशन म्हणतात, कळल्यापासून २१ दिवसांत. तिने केलं आणि केस परत पहिल्यापासून सुरू झाली.

सासऱ्यांना फोनवर हे सगळं सांगितलं तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. म्हणाले आमच्याकडे रेडिओला लायसन्स होतं, पोस्टात जाऊन भरायचो, पुस्तकावर तिकिटं चिकटवून द्यायचे, तुम्ही नवीन काय सांगताय. आईंना मात्र फार लागलं. चार दिवस सिरीयलच बघितली नाही म्हणे. पाचव्या दिवशी सांगलीच्या मावशींनी फोन केला आणि मधल्या चार भागांत काय काय झालं ते सगळं सांगून टाकलं.

आता त्या परत यायच्यात. लायसन्स चालू आहे, नवऱ्याच्या नावावर. आणि बेल वाजली की तो घरी असला तर दार त्यानेच उघडायचं.